कुंपणावरचा अडुळसा

वरवंडच्या आमच्या मळ्याला तिन्ही बाजूंनी अडुळशाचं कुंपण आहे. शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून आत वांगी आणि गवार सुखात राहतात. शेळीसुद्धा जे खात नाही ते आपण उकळून पितो, ही गंमत पन्नाशी उलटेपर्यंत माझ्या ध्यानात आली नव्हती.

वस्तीवर कुणाला खोकला झाला की माणूस माझ्याकडे येतं. पिकून पिवळी झालेली पानं, आलं, ज्येष्ठमध, गुळाचा खडा, आणि चार पेल्यांचा एक पेला होईपर्यंत आटवायचं. काढा हातात दिला की मी समोरच उभी राहते. कडू म्हणून नाक मुरडणारी माणसं मला खपत नाहीत.

दोन-अडीच वर्षांपूर्वी माझा मुलगा ट्रेनिंगला परगावी गेला, म्हणून सून दोन आठवडे मळ्यावर राहायला आली. एरवी ती दोघं दौंडला रेल्वे कॉलनीत असतात. सून मला आत्या म्हणते. येताना खोकला घेऊनच आली, आणि मला तर आयतंच काम मिळालं. सकाळ-संध्याकाळ पेला तिच्या हातात द्यायचा आणि मी तोडणीला पळायचं. तिच्यापुढं उभी राहिले नाही. लग्न झाल्यापासून तिनं कधी उलट शब्द काढला नव्हता, तिच्यावर कसली राखण करायची?

आठवड्यात खोकला गेला. माझ्या काढ्याचा गुण मी शेजारच्या चार घरी सांगून आले.

मग ती म्हणाली, "आत्या, दौंडला डॉक्टरबाईंकडं जाऊन यायचं हाय." मी म्हटलं, खोकला तर गेला, आता डॉक्टर कशाला? ती नुसती हसली. मीही एसटीत तिच्याशेजारी जाऊन बसले. डॉक्टरबाईंनाही काढ्याचं कळू दे, असं मनात होतं.

इथं मागचं एक सांगायला हवं. त्याच्या वर्षभर आधी तिला दिवस गेले होते, आणि मी दुसऱ्याच महिन्यात पेढे वाटले. ते मूल राहिलं नाही. का, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मी मात्र दोष माझ्या जिभेवर घेतला आणि तिला बजावलं, "पुढच्या टायमाला तीन महिने भरल्याबिगर मलासुदिक सांगू नगंस. माझ्या तोंडात तीळ भिजत न्हाई."

डॉक्टरबाईंनी सुनेनं आणलेला तपासणीचा कागद पाहिला आणि म्हणाल्या, "दहावा आठवडा चालू आहे." मला आनंद व्हायला जेमतेम एक श्वास मिळाला. लगेच त्यांनी विचारलं, "दुसरं काही औषध, झाडपाला घेताय का?"

सून माझ्याकडं बघायला लागली. मीच छाती पुढं काढून सांगितलं, "व्हय तर. अडुळसा. आठ दिस झालं, सकाळ-संध्याकाळ."

त्यांचं लिहिणं थांबलं. म्हणाल्या, खोकल्याला चांगलंच आहे हो ते, पण गर्भाशय आवळायचा गुण त्यात असू शकतो. काही भागांत सुईणी बाळंतपण लवकर उरकावं म्हणून हाच पाला द्यायच्या. "किती घेतल्यानं काय होतं हे छातीठोकपणे नाही सांगता येत. पण खात्री करून बघायला पोटातलं बाळ कशाला पणाला लावायचं? आधी सोनोग्राफी करून घेऊ."

बाहेर बाकावर आमच्या आधी पाच-सहा बायका होत्या. मी मोजत होते, आठ दिवस, रोज दोन पेले, आणि प्रत्येक पेला मी माझ्या हातानं आटवलेला. मागच्या वेळी जीभ होती, आता हात. शेवटी मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "माझ्यामुळं काय झालं तर मला माफ करू नगंस."

ती माझ्या कानाशी वाकली. "आत्या, मी पयला पेलाच प्याले. बाकीचा मोरीमागच्या कढीपत्त्याला घातला. कॉलनीतल्या नर्सताईंनी फोनवर नको म्हनून सांगितलं व्हतं."

"आन् मघाशी आत का न्हाई बोललीस?"

"तुमच्यासमोर कसं सांगू? इतक्या मायेनं करत व्हता."

मला आधी रागच आला, खोटं कशाला बोलू. माझा काढा ओतून दिला म्हणून! दुसऱ्या क्षणी मी त्या बाकावर सगळ्या बायकांसमोर रडायला लागले, आणि रडता रडता हसले. मग हळूहळू दुसरी गोष्ट उमगली. पोरीनं मूल वाचवायला कढीपत्ता गाठला, पण मला नाही म्हणायची तिची छाती झाली नाही. ती गरीब स्वभावाची आहे म्हणून नव्हे. मी तशी आहे म्हणून. ते मला फार लागलं.

आत बाळाचे ठोके ऐकू आले. एका पेल्याची काळजी करू नका, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. घरी आल्यावर मी देवापुढं साखर ठेवली आणि तीन महिने भरेपर्यंत तोंड मिटून बसले. आमच्या मालकांना वाटलं, बायकोला बरं नाही.

अडुळसा अजून कुंपणावर आहे. खोकल्याला पानं अजून देते, पण बाई आली तर आधी विचारते, दिवस गेलेत का, पाळी चुकलीय का. नव्या सुना लाजतात. लाजू देत. उत्तर मिळाल्याशिवाय पान तोडत नाही.

परवा ती सगळी मळ्यावर आली होती. नात आता पावणेदोन वर्षांची आहे. मी हळदीचं दूध कोमट करून तिच्यापुढं धरलं. तिनं पेला दोन्ही हातांनी बाजूला सारला आणि माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, "न्हाई."

सून दारात थबकून माझ्याकडं बघत राहिली.

मी पेला खाली ठेवला.