तहहयात राहण्याचा हक्क

उल्हासनगरच्या कोर्टाजवळ, एका जुन्या बरॅकच्या पुढच्या खोलीत आमच्या वकीलसाहेबांचं ऑफिस होतं. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. मी तिथं टायपिंगला होते. साहेब सिंधी. मराठी बोलायचे झकास, पण वाचायचं म्हटलं की चष्मा पुसत बसायचे. त्यामुळे मराठी दस्त सगळे माझ्याच गळ्यात. त्यांचा एक नियम मात्र पक्का होता. "पहले समझाओ, फिर सही लो." हे समजावण्याचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं होतं.

दस्तांची ती भाषा पहिल्यांदा कोणी लिहिली कोण जाणे. समोरच्याला कळू नये याची पुरेपूर काळजी घेतलेली. आमच्याकडे येणार कोण, तर अंबरनाथ एमआयडीसीतून पाळी संपवून थेट आलेले कामगार, नाहीतर बारवीकडच्या पाड्यांवरून दोन गाड्या बदलून आलेल्या बायका. त्यांच्यापुढे 'सदरहू' आणि 'उपरोक्त' वाचून काय उपयोग? मी सरळ सांगायचे. तहकूब म्हणजे आज काही होणार नाही, घरी जा. एकतर्फी म्हणजे तुम्ही आला नाहीत, म्हणून समोरच्याचंच ऐकलं. राहता तो ताबा, कागदावर नाव ती मालकी, आणि दोन्ही एकच समजू नका. एकदा एक फिटर मेव्हण्याच्या नावानं मुखत्यारपत्र करायला आला होता. मी म्हटलं, "मेव्हण्यानं केलेली सही ही तुमचीच सही. नंतर मी नव्हतो म्हणून चालणार नाही." तो कागद न करताच उठून गेला. काम हातचं गेलं तरी साहेब खूष झाले.

बायका मला वकीलबाई म्हणायच्या. मी दुरुस्त करत नव्हते. शेफारलेच होते म्हणा ना.

माझं माहेर चामटोलीचं. आजोबांनी बांधलेलं घर, मागे थोडी भातजमीन. घराच्या उजव्या अंगाला एक खोली, ती आत्याची. आत्या लग्नानंतर दोन वर्षांत विधवा होऊन परत आली, मूलबाळ नाही, तेव्हापासून त्याच खोलीत. आई कंपनीत कामाला जायची, त्यामुळे मला आणि धाकट्या भावाला वाढवलं आत्यानं. लावणी तिची, कापणी तिची, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीला रोज फडकं मारणं तिचं. शाळेत माझं नाव घालायलाही तीच आली होती.

आजोबा गेल्यावर सातबाऱ्यावर वडिलांचं आणि आत्याचं, दोघांचं नाव लागलं. मग आमच्याकडे सगळीकडे होतं तेच ठरलं. बहिणीनं भावाच्या नावानं हक्कसोड करून द्यायचं, भावानं तिथल्या तिथं साडी द्यायची, आणि दोघांनी जेवून घरी यायचं. ज्या बहिणी देत नाहीत त्यांना माहेरचा दरवाजा बंद होतो. हे कोणी बोलून दाखवत नाही, बोलायची गरजच नसते.

वडील म्हणाले, "घरचीच वकीलबाई आहे, बाहेर कशाला जायचं?" दस्त मीच टाइप केला. साहेबांनी मजकूर विचारून घेतला आणि म्हणाले, "ये बहन रहती कहाँ है?" मी सांगितलं, त्याच घरात. "तो फिर एक लाइन डालो. नहीं तो कल को क्या करेगी?" मी ओळ घातली. 'लिहून देणार यांना सदर घरातील उजवीकडील खोलीत तहहयात राहण्याचा हक्क राहील.' म्हणजे, आत्या जिवंत असेपर्यंत तिला त्या खोलीतून कोणी काढू शकणार नाही.

रजिस्ट्रेशनच्या आदल्या दिवशी मी दस्त घरी वाचून दाखवला. ती ओळ आली तसा वडिलांचा चेहरा उतरला. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, "मी काय तिला बाहेर काढणार आहे?" आणि उठून अंगणात गेले.

आत्या घाबरली. "काय लिवलंस तू? त्याला वाईट वाटलं बघ. काढ ती ओळ."

"आत्या, ती ओळ..."

"काढ म्हणते ना. भावावर माझा भरोसा नाय असं व्हईल ते. याचा अर्थ तरी काय हाय?"

तिनं विचारलं होतं. माझ्या टेबलासमोर बसणारी कुठलीही परकी बाई विचारायची तसंच. त्या बाईला मी दहा वेळा सांगितलं असतं. पण वडील अंगणात पाठमोरे उभे होते, आईनं मला डोळ्यांनीच गप्प बसायला सांगितलं, आणि मी म्हणाले, "काही नाही गं आत्या. लिहायची पद्धत असते. काढते." दुसऱ्या दिवशी लवकर ऑफिसात जाऊन मी ओळ काढली. साहेबांनी विचारलं, समजावलं का? मी हो म्हटलं.

रजिस्ट्रारच्या ऑफिसात संगणकासमोर फोटो काढतात, अंगठा घेतात. आत्यानं फोटोसाठी केसांना तेल लावून आणलं होतं. वडिलांनी पायरीवरच साडी तिच्या हातात दिली, मोरपिशी रंगाची. दोघंही रडले. वडील खोटं रडले नाहीत, हे मी आजही सांगेन.

ते गेले चार वर्षांनी, छातीत दुखल्याचं निमित्त होऊन. त्यांच्यामागे मीही भावाला हक्कसोड करून दिलं, आईनंही दिलं. आत्याच्या खोलीबद्दल तेव्हाही मी एक अक्षर लिहिलं नाही. सासरी नवऱ्याशी तेव्हा माझं धड नव्हतं, आणि मला माहेर हवं होतं. दुसरं काही कारण नाही.

मग बदलापूरच्या बाजूनं बिल्डर सरकत सरकत आमच्यापर्यंत आले. भावानं घर, जमीन सगळं द्यायचं ठरवलं. बदल्यात त्याला फ्लॅट मिळणार होता, दोन खोल्यांचा, त्यात तो, वहिनी, मुलं आणि आई. मी भांडायला गेले. तो म्हणाला, "ताई, सेंटी नको होऊ यार. आत्याला कुठे ठेवू मी, गॅलरीत? तिचा हक्क असेल तर कागद दाखव म्हणावं, मी आत्ता थांबतो." कागदात काय आहे ते त्याला चांगलं माहीत होतं. मलाही. मी आत्याला अंबरनाथ पूर्वेला माझ्याकडे चल म्हटलं. जावयाच्या घरात पडून राहायला ती तयार होईना.

त्यानंतर आठवड्याभरात ती ऑफिसात आली. एकटी, रिक्षावाल्यांना विचारत विचारत. बाकावर आधीच तिघं होते, त्यांच्या शेजारी बसली. मी उठले तर म्हणाली, "बस तू. यांचं व्हऊ दे आधी." पाऊण तास ती बसून होती. मी कुणाचा तरी अर्ज टाइप करत होते आणि एकेका शब्दाला चुकत होते.

तिचा नंबर आला. तिनं पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली दस्ताची प्रत काढली. एवढी वर्षं ती तिनं कपड्यांच्या पेटीत तळाशी जपून ठेवली होती. पानाला एक सुरकुती नव्हती.

"तुझा भाऊ म्हणतो कागद दाखव. आता यात माझी खोली कुठं लिवलीय ती मला दाव. तिथं बोट ठेवून मी त्याला दावते."

या कागदानंच खोली आपली झाली, असं ती समजून चालली होती. सरकारी ऑफिसात फोटो काढला, अंगठा घेतला, भावानं साडी दिली. काहीतरी मिळाल्याशिवाय एवढं कोण करतं?

मी तिला समजावलं. कधी नव्हे इतक्या सोप्या शब्दांत. "आत्या, यात तू लिहून दिलंयस की त्या घरात आणि जमिनीत तुझं काही नाही. तेव्हा नाही आणि पुढेही नाही."

"खोली पण?"

"खोली पण. एक ओळ होती, तू मरेपर्यंत तिथं राहशील अशी. ती मी काढली."

"मीच काढ म्हटलं व्हतं."

"ती काय होती ते तुला माहीत नव्हतं. तू विचारलंस, आणि मी सांगितलं नाही."

साहेब आतून सगळं ऐकत होते. बाहेर आले, प्रत हातात घेतली, परत दिली, आणि माझ्याकडे न बघता आत गेले. आत्यानं कागद पुन्हा प्लास्टिकमध्ये घातला.

"सांगितलं असतंस तरी मी सही केलीच असती गं," ती म्हणाली. "भाऊ व्हता तो माझा. पण मंग ती खोली एवढी वर्षं माझी समजून सारवली नसती."

मला रडू आवरेना. ती मलाच पाणी पी म्हणाली.

ती बारवीकडे आपल्या दिराच्या पडवीत राहायला गेली आणि दुसऱ्या वर्षी तिथंच वारली. मृत्यूच्या नोंदीला दिराबरोबर मी गेले होते. नाव लिहून झालं, वय झालं. मग कारकुनानं कायमचा पत्ता विचारला. मी चामटोलीच्या घराचा सांगितला. दीर हळूच म्हणाला, "पोरी, तिथं तर बिल्डिंग झाली."

मी म्हटलं, माहीत आहे, तरी तेच लिहा.