हा नग कुठं बसणार?

अणुबॉम्ब आणि मी यांच्यात एकदा फक्त चार व्हॉल्व्हचं अंतर राहिलं होतं. हसू नका. सांगलीच्या हौशी रंगमंचावर मी तीस वर्षं पत्र्याच्या तलवारी परजल्यात, त्यामुळे लोक माझं अर्धं बोलणं वजा करूनच ऐकतात. हे मात्र पुरतं ऐका.

कुपवाडला माझी शेड आहे. तीन लेथ, एक मिलिंग, एक ड्रिल आणि भिंतीला टेकून ठेवलेलं नाटकाचं एक सिंहासन, ज्यावर दुपारी डबा खायला बसायला फार बरं वाटतं. आमच्या शेडच्या लाइनीत सगळं जॉबवर्क. गिऱ्हाईक ड्रॉइंग देतं, आम्ही नग देतो. तो नग पुढं कुठल्या यंत्रात बसतो, हे विचारायची पद्धत नाही. विचारलं की गिऱ्हाइकाला वाटतं, हा आपल्याला वगळून थेट कारखान्याकडे जाणार. एक कॉलर, म्हणजे दांड्यावर बसणारं कडं, मी नऊ वर्षं बनवत होतो. ती उसाच्या यंत्रातली की लिफ्टमधली, मला पत्ता नव्हता. लाज वाटायचीही नाही.

दुःख एकच होतं. शेड काढली तेव्हा मी हौसेनं स्वतःचा पंच बनवून घेतला होता. ठोकला की धातूवर हसरा मुखवटा उमटतो. आमचे टर्नर चाचा त्याला घुबड म्हणतात. पण जॉबवर्कच्या नगावर आपला शिक्का कोण मारू देतो? पंच पंचवीस वर्षं चाचांच्या ड्रॉवरमध्ये तेलकट फडक्यात झोपून होता. आपलं घुबड एकदा तरी समुद्रापार जावं, एवढी एकच इच्छा घेऊन मी पन्नाशी ओलांडली.

आणि एके दिवशी मेल आली. आखातातला एक दलाल. दुधाच्या प्लांटसाठी व्हॉल्व्ह हवेत, आधी चार नमुने करा, पसंत पडले की मोठी ऑर्डर. तुमचा शिक्का? जरूर मारा!

मी काय केलं असेल? सगळ्या लाइनीत साताऱ्याचे कंदी पेढे वाटले. पेंटरला शिडीवर चढवला आणि शेडच्या बोर्डावर 'मॅन्युफॅक्चरर अँड एक्सपोर्टर' लिहायला सांगितलं. पेंटर सावकाश काम करणारा होता, हे पुढं उपयोगी पडलं.

नमुन्यापुरतं मटेरियल दलालानंच पाठवलं. चाचांनी बार लेथवर चढवला आणि तासाभरात मशीन बंद करून माझ्याकडे आले. पंचवीस वर्षांत या माणसानं चालू काम सोडलेलं मी पाहिलं नव्हतं.

"शेठ, कापायच्या दोन टिपा जळल्या. ह्यो गडी लय चिवट हाय. निकेल हाय निकेल, नुसतं स्टील न्हाई."

"मग सावकाश चालवा."

"चालवतो की. पण दुधाला निकेल कशाला?"

"चाचा, आपण कधी विचारतो का?"

"न्हाई विचारत," चाचा म्हणाले, "पण ह्यो नग इचारतोय."

मी सिंहासनावर बसून ड्रॉइंग पुन्हा उलगडलं. हा साधा व्हॉल्व्ह नव्हताच. दांड्याभोवती पेटीच्या भात्यासारखी वळ्यावळ्यांची पातळ नळी होती. आतलं जे काही असेल, ते थेंबभरही बाहेर येऊ नये म्हणून. भाते तयार आले होते, आम्ही बॉडी करून ते बसवायचे होते. दुधाला एवढा बंदोबस्त?

नग तयार झाले. असे देखणे की, त्यातल्या एकात बघून मी मिशी कापली असती. पण चाचांनी पंच काढला नाही. "मारायचा तर तुमी मारा, शेठ. मला कळल्याबिगर माझा हात उठत न्हाई." मी ऐटीत पंच घेतला, हातोडा उचलला, नाटकात उचलतात तसा. आणि तसाच उभा राहिलो. कामगार बघत होते. पडदा पाडायला कुणी नव्हतं, म्हणून मग मीच म्हणालो, "उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी एक नग पिशवीत घालून पलूसला गेलो. तिथल्या दूध प्लांटमध्ये माझा एक ओळखीचा फिटर आहे. त्यानं नग डोळ्यासमोर फिरवला आणि खो खो हसला.

"ह्या वळ्यांत साय अडकली तर घासणार कोण, तुझी म्हातारी? स्टीलच्या भात्याचे बसवतात काय काय ठिकाणी, नाही म्हणत नाही. पण निकेल? दुधानं काय पाप केलंय?"

घरी आलो तर बायको लॅपटॉप उघडून बसली होती. ती उंब्रजची. माझ्या संवादांना टाळ्या वाजवायचं तिनं लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सोडलं. निर्यातीचे कागद तीच भरत होती.

"आवं, हिकडं या. तुमचं दूध घावलं."

सरकारची एक यादी असते. साध्या कामालाही येतात आणि बॉम्बच्या कामालाही येऊ शकतात, अशा वस्तूंची. त्या बाहेर पाठवायच्या तर परवाना लागतो. कोण, कुठं, कशासाठी वापरणार, हे लिहून द्यावं लागतं. बऱ्याच देशांच्या अशाच याद्या आहेत, आणि एकमेकांच्या याद्या जुळवून ठेवतात, म्हणजे एका दारी नाकारलेलं दुसऱ्या दारी मिळू नये. त्या यादीत आमचा व्हॉल्व्ह बसला होता. भात्याची सील, निकेल भरपूर. युरेनियम समृद्ध करताना, म्हणजे त्यातला बॉम्बजोगा अंश वाढवताना, त्याचा वायू करतात, तो वायू साध्या लोखंडाला खातो, निकेलला फारसा खात नाही, आणि तो गळून मुळीच चालत नाही.

"बॉम्बसाठीच हाय असं न्हाई काय," बायको म्हणाली. "औषधाच्या कारखान्यालाबी लागत असंल. पर मग त्यानं औषध म्हणावं की. दूध का म्हनतोय?"

मला खरं सांगायचं तर राग आला. दलालाचा नव्हे, यादीचा. पंचवीस वर्षांनी घुबडाला पंख फुटले होते, आणि मोठ्या राष्ट्रांनी आपापले हजारो बॉम्ब उशाशी ठेवून कुपवाडच्या तीन लेथना प्रश्न विचारावा? हे मी बोलूनही दाखवलं, हातवाऱ्यांसकट. बायकोनं पूर्ण ऐकून घेतलं. "झालं? आता फोन लावा त्येला. एकच इचारा. कुठं बसणार."

व्हिडिओवर दलाल आला. गोरापान, गोड बोलणारा. मी म्हणालो, प्लांटचा पत्ता द्या आणि एक फोटो, जिथं नग बसणार त्या पाइपचा. बस.

"सरजी, फोटो का क्या करेंगे? काग़ज़ पे 'डेअरी फिटिंग, स्टील' लिख दीजिए."

"निकेलला स्टील लिहू?"

"कौन देखता है?" तो हसला. "हमने तो आपको चुना ही इसलिए. सुना है कुपवाड में कोई कुछ पूछता नहीं."

हे वाक्य मला लागलं. आमच्या कारागिरीसाठी तो आला नव्हता. आमच्या न विचारण्यासाठी आला होता. माझ्या पेढ्यांची चव त्या क्षणी बदलली.

"नाही जमणार," मी म्हणालो.

"कोई बात नहीं. आपके बगल में बन जाएगा."

मी शेडवर पोचलो तेव्हा पेंटर 'अँड'पर्यंत आला होता. "थांब," मी खालून ओरडलो. तो थांबला. थांबण्यात तो पटाईतच होता.

आता प्रश्न असा की, मी नाही म्हणून काय झालं? शेजारी बनणारच असेल तर माझं नाही म्हणणं म्हणजे नुसता मिशीला पीळ. बगल म्हणजे कोण, हेही मला कळलं होतं; तसाच निकेलचा बार तिथं उतरलेला चाचांनी पाहिला होता. आमच्यापासून चौथी शेड. तिथला मालक एके काळी माझ्याबरोबर नाटकात खलनायक व्हायचा. पुढं त्यानं माझं एक गिऱ्हाईक पळवलं. मी काही बोललो नाही. फक्त गणपतीतल्या नाटकात, तो पहिल्या रांगेत सहकुटुंब बसलेला असताना, त्याच्या टकलावर पदरचं एक वाक्य घातलं. प्रेक्षक पाच मिनिटं हसत होते. त्यानंतर सहा वर्षं आम्ही एकमेकांकडे बघितलं नव्हतं.

चार नग पिशवीत घातले, चाचांना बरोबर घेतलं आणि गेलो. त्याच्या टेबलावर चहाच्या ग्लासाखाली तेच ड्रॉइंग होतं. लेथच्या चकमध्ये अर्धी कोरलेली बॉडी.

"काय रं? वाट चुकलास?"

"हे काम करू नको."

"आलं ध्यानात. तुझी ऑर्डर मला आली म्हणून पोटात दुखाय लागलं व्हय?"

मग मी बोललो. पलूसचा फिटर, यादी, वायू, दलालाचं हसणं, सगळं. आवाज कुठं चढवायचा, कुठं उतरवायचा, मला ठाऊक आहे. शेवटी मी हात हवेत ठेवून थांबलो. त्यानं तीनदा टाळ्या वाजवल्या.

"झकास. म्हंजे मी भिऊन सोडायचं, आन् हे चार नग तू गुपचूप पाठवून ऑर्डर घ्यायची. लय जुनं नाटक हाय गड्या."

आणि त्याचं चूक नव्हतं. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो. आयुष्यभर एवढं खोटं खऱ्यासारखं बोललो की, आता खरं बोलायला माझ्याकडे वेगळा आवाजच उरला नव्हता. मी चाचांकडे बघितलं. चाचांनी पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "शेठ, बोलून हुणार न्हाई हे."

मी चारही नग बाहेर काढून मांडले. "तुझा हॅक्सॉ मोकळा आहे?"

"कशाला?"

"उभे कापायचेत. तुझ्यासमोर, तुझ्या मशीनवर."

पहिला नग मी स्वतः व्हाइसमध्ये आवळला. बटणही मीच दाबलं. हॅक्सॉ कर्र कर्र करत खाली उतरायला लागला, आणि निकेलच ते, संपता संपेना. तीन माणसं स्टुलांवर बसून एक व्हॉल्व्ह मरताना बघत होती. अर्ध्यात ब्लेडचे दात गेले.

"ब्लेड माझं जातंय," तो म्हणाला. सहा वर्षांत माझ्याशी त्याचं पहिलं सरळ वाक्य.

"नवीन देतो."

नवीन ब्लेड लावलं. पहिला दुभंगला, दुसरा लावला. भाता फाटून वळ्या उघड्या पडल्या, जुनी पेटी उसवावी तशा. तिसऱ्याच्या मध्यावर तो खाकरला.

"टिपा किती जळल्या तुझ्या?"

"दोन."

"माझ्या चार." ब्लेडवर तेल सोडत म्हणाला, "मलाबी वाटलंच हुतं, दुधाला एवढं कशाला. पर इचारायचं कुणाला?"

चौथा तुटला तेव्हा माझी परदेशची ऑर्डर आठ तुकड्यांत त्याच्या फरशीवर पडली होती. तो उठला. लेथकडे गेला, चक सैल केला, आपली अर्धी बॉडी काढून आणली आणि व्हाइसमध्ये आवळली. मग ड्रॉइंग माझ्या हातात दिलं.

"आता तिसऱ्याकडं जाणार त्यो. लाइनीत समद्यांना सांगाय लागंल."

"मी सांगतो."

"तू एकटा? तुझ्यावर कोण इश्वास ठेवतंय? तू बोल. मी नुसता शेजारी हुबा ऱ्हातो."

आणि खरंच, ती दुपार आणि पुढचा अख्खा दिवस आम्ही शेड ते शेड फिरलो. मी प्रयोग करायचो, तो कापलेला तुकडा टेबलावर ठेवायचा. लोक माझं ऐकायचे कमी आणि आम्हा दोघांना एकत्र उभं बघून चकित व्हायचे जास्त. काम मात्र त्यामुळेच झालं. दोन शेडमध्ये दलालाचा फोन येऊन गेला होता. कुणी काही लिहून दिलं नाही, सही नाही की ठराव नाही. एवढंच ठरलं, की परदेशचं ड्रॉइंग आलं की आधी विचारायचं, आणि उत्तर नाही आलं तर दोन शेड पलीकडेही सांगायचं. बायकोनं परवान्याच्या खात्याला सगळं कळवलं, ड्रॉइंगसकट. त्यांचीही पोच आली.

बोर्डावर वर्षभर 'मॅन्युफॅक्चरर अँड' एवढंच होतं. लाइनीतले लोक जाता येता विचारायचे, "अँड काय?" मी म्हणायचो, "मध्यंतर."

दरम्यान मला विचारायची चटक लागली. नऊ वर्षांची ती कॉलर गुऱ्हाळाच्या चरकात बसते, हे कळलं तेव्हा मी मुद्दाम जाऊन रस पिऊन आलो.

मग शेजारच्या देशातल्या एका दूध संघाची चौकशी आली. पाइपांचे जोड हवेत, साध्या स्टीलचे, पण माझ्या एकट्याच्या आवाक्याबाहेर. मी चौथ्या शेडमध्ये गेलो. "अर्धं तुझं," म्हणालो. त्यानं टकलावरून हात फिरवला. "नाटकात काय घालणार न्हाईस ना?" "शब्द देतो." "शब्द नको. नग दाव." म्हणून आधी त्याला नमुना करून दाखवला.

दूध संघाला मी तोच प्रश्न पाठवला होता. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. पत्ता, परवाना आणि तीन फोटो, न मागता. एका फोटोत गमबूट घातलेला एक कामगार टाकीजवळ उभा होता आणि जिथं जोड बसायचा त्या मोकळ्या पाइपवर हात ठेवून हसत होता.

चाचांनी माझा मोबाइल घेतला. चष्मा वर केला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, पाइपवरून टाकीपर्यंत आणि टाकीवरून परत पाइपवर आले.

"हां," म्हणाले, "हितं बसणार."

आणि ड्रॉवर उघडून त्यांनी तेलकट फडकं सोडलं.