मागून कोण येतंय

गोलकीपरचं अर्धं काम ओरडण्याचं असतं. पुढचे दहा जण चेंडूकडे बघत असतात. सगळं मैदान दिसतं ते त्याला एकट्याला. कॉलेजच्या फुटबॉल संघात मी चार वर्षं घसा फोडून ओरडलो. माझ्या पुढे बचावाला, स्टॉपर म्हणून खेळायचा तो उस्मानपुऱ्याचा, माझा जिवलग दोस्त. मागून कोण येतंय ते मी सांगायचो आणि तो मान न वळवता पाय घालायचा. एवढा विश्वास पुढे माझ्यावर कुणी टाकला नाही, बायकोनंसुद्धा.

शेवटच्या वर्षी माझ्या गोलसमोर चेंडू अडवताना त्याचा गुडघा गेला. मी मोठ्या स्पर्धेला गेलो, प्रमाणपत्र मिळालं, खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरी लागली. त्यानं रस्त्याच्या कडेला पत्र्याचं पंक्चरचं दुकान टाकलं. साहेबांनी माझी उंची आणि पंजे बघितले आणि मला अतिक्रमण हटाव पथकात घातलं. निवृत्तीच्या भाषणात याला जनसेवा म्हणतात. मी जन्मभर लोकांना उठवत आलो.

आमच्या कामात एक सोय आहे. दुकान बंद असलं तर नोटीस दारावर चिकटवायची, दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या, फोटो काढायचा. चिकटवली म्हणजे पोचली, असं आम्ही नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवतो.

गेल्या वर्षी रस्ता रुंदीकरणाच्या यादीत त्याचं दुकान आलं. तो मेव्हण्याच्या मातीला सिल्लोडला गेला होता. हे त्यानंच मला फोनवर सांगितलं होतं. मी नेमका त्याच दिवशी पंच घेऊन गेलो. त्याच्या हातात तो कागद द्यायची माझी छाती नव्हती, दुसरं काही नाही. सात दिवसांची मुदत होती. आल्यावर वाचेल, हवा भरायचं मशीन हलवेल, चार शिव्या देईल, असा माझा हिशेब.

दोन दिवसांनी स्कूटरवरून जाताना बघितलं, तर नोटिशीवर कुठल्याशा क्लासची जाहिरात डकवलेली. दुकान अजून बंदच होतं. मी थांबलो नाही. घरी येऊन फोन हातात घेतला, त्याचं नाव काढलं आणि ठेवून दिला. उद्या करू म्हटलं. रोज तेच म्हटलं.

आठव्या दिवशी आम्ही जेसीबी घेऊन गेलो, तेव्हा तो नुकताच दुकान उघडून एका रिक्षाचं चाक खोलत बसला होता. मला बघून हसला. चहा सांगू का, म्हणाला. मग माझ्या मागचा जेसीबी त्याला दिसला.

हवेचं मशीन काढायला त्यानं अर्धा तास मागितला. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि पुढची वीस दुकानं दाखवली. मी हातातल्या यादीत बघत राहिलो. पत्रे मशीनवरच कोसळले.

तो लंगडत माझ्यापाशी आला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"तुझ्याकडं माझा नंबर व्हता," तो म्हणाला. "मागून कोण येतंय ते तू सांगायचा ना?"

पंच ऐकत होते, साहेब ऐकत होते.

"नोटीस लावली होती," मी म्हणालो.