दहा बावन्नची नोंद

या पानावर गूढ अनुभव लिहिणाऱ्यांवर मी आजवर चिडतच आले. आमच्या घरात देवघर नव्हतं, पत्रकांचे गठ्ठे होते. वडील युनियनचं काम करायचे, आणि बजाजनगरच्या दोन खोल्यांत मी अक्षरं जुळवायला शिकले ती ‘कामगार बंधू-भगिनींनो’ या शब्दांवर. भानामती, पितर, अंगात येणं... असं कुणी बोललं की मी भांडायला उठायचे. आजही उठेन. तरीही हे लिहितेय, कारण जे घडलं ते मला समजावता येत नाही, आणि गप्पही बसवत नाही.

मी वाळूजच्या एका कारखान्यात सर्व्हर सांभाळते. तिथं गाड्यांचे गिअर बनतात. गिअर भट्टीत तापवून कडक करतात आणि भट्टीचं तापमान दर मिनिटाला सर्व्हरवर नोंदलं जातं. ती नोंद नसेल तर माल कितीही चांगला असो, गिऱ्हाईक परत पाठवतं. म्हणून हा सर्व्हर एक मिनिटही बंद पडून चालत नाही.

माझ्या आधी तो जहागीरदार सर बघायचे. गेल्या वर्षी खंडेनवमीला सर्व्हरची डिस्क खराब झाली आणि तीन महिन्यांच्या नोंदी पुसल्या गेल्या. बॅकअपसाठी वेगळं मशीन द्या, असे सरांचे तीन लेखी अर्ज मी स्वतः फाईलमध्ये पाहिलेत. तिन्हींवर ‘पुढे पाहू’. ठपका मात्र सरांवर – यांनी फुकटातली ऑपरेटिंग सिस्टीम, लिनक्स, टाकली, ती बसली! सरांना निलंबित केलं. दोन महिन्यांत सर हार्ट अटॅकनं गेले.

सरांची एक वही आणायला मी गुलमंडीमागं त्यांच्या घरी गेले होते. काकूंनी चहा दिला, वही दिली. मग म्हणाल्या, “कंपनीकडून मला काही नको गं. ह्यांची चूक नव्हती, एवढं एका कागदावर लिहून द्या म्हणावं. सही-शिक्क्यानं. हे शेवटपर्यंत तेच बोलत होते – मी काय चुकलो ते तरी सांगा.”

“मी आणते तो कागद,” मी म्हणाले. कशाच्या जोरावर म्हणाले, देव जाणे. (हो, आमच्या घरातही असं म्हणतात.)

यंदाच्या उन्हाळ्यात नवी सिस्टीम घ्यायचं ठरलं. तीन पर्यायांची तुलना करून रिपोर्ट द्यायचं काम माझ्याकडं आलं. पहिली, महागडं लायसन्स असलेली. दुसरी लिनक्सच, पण दरवर्षी सपोर्टची फी भरायची. तिसरी फुकट मिळणारी लिनक्स, सरांनी वापरलेली. आमचे प्लांट मॅनेजर काळे साहेब हसून म्हणाले, “अगं, तुलना कसली करतेस? मुलगी आधीच पसंत आहे, तू फक्त पत्रिका जुळवून दे. आणि पहिल्या पानावर एक ओळ टाक – जुनी सिस्टीम फुकटची असल्यामुळे कोसळली.”

“तपासल्याशिवाय नाही टाकणार, साहेब.”

“बापावर गेलीस,” ते म्हणाले.

तीन एकसारखी मशीन्स, प्रत्येकाला वेगळा यूपीएस, तिन्हींवर भट्टीच्या नोंदींचा सारखाच भार. तिसऱ्या दिवशी मी लॉग वाचायला बसले. लॉग म्हणजे मशीननं स्वतःच ठेवलेली रोजनिशी. पहिल्या मशीनवर लिहिलं होतं – १०:५२ ला वीज अचानक गेली, ११:०४ ला आली. दुसऱ्यावर तेच. तिसऱ्यावर तेच. तिघांची भाषा वेगळी, म्हणणं एक. आणि हे तिन्ही दिवस!

पण वीज गेलीच नव्हती. मशीन्स अखंड चालू होती, आणि त्या बारा मिनिटांतली भट्टीची एकही नोंद चुकलेली नव्हती. जे घडलंच नाही त्याची तक्रार तीन परक्या सिस्टीम एका सुरात करत होत्या.

मी घाबरले नाही, वैतागले. कुणीतरी चेष्टा करतंय असं वाटलं. नेटवर्कच्या केबल काढल्या. डिस्का पुसून तिन्ही सिस्टीम पुन्हा टाकल्या. पासवर्ड फक्त माझ्याकडं. तरी दहा बावन्न. शेवटी रविवारी एक मशीन रिक्षात घालून घरी आणलं, स्वयंपाकघरातल्या प्लगला लावलं आणि समोर बसले. दहा एक्कावन्न... दहा बावन्न. पंखा फिरत होता, मशीन चालू होतं, आणि स्क्रीनवर ओळ उमटली – वीज गेली.

वडील मागं उभे होते. म्हणाले, “त्या वेळेला तुमच्याकडं कधी काही झालं होतं का, ते विचारलंस का कुणाला?”

नव्हतं विचारलं. पत्रकं वाचून मोठी झाले आणि कामगारालाच विचारायचं विसरले.

सोमवारी मी कचरूमामांना गाठलं. मामा आमचे इलेक्ट्रिशियन, कन्नड तालुक्यातले. दहा बावन्न म्हटल्यावर त्यांच्या हातातला टेस्टर खाली गेला.

“ताई, मला लई दिवस झोप नाय,” ते म्हणाले आणि मोबाईल काढला.

गेल्या खंडेनवमीचा फोटो. सर्व्हरला हळदीकुंकू, झेंडूचा हार, भोवती लुकलुकणारी लाईटची माळ. सर्व्हरचे स्वतःचे दिवे मात्र काळे. खाली फरशीवर त्याचा प्लग पडलेला, आणि कुणीतरी भक्तिभावानं त्या प्लगलाही कुंकू लावलेलं. फोटोची वेळ – सकाळचे दहा त्रेपन्न.

“आरतीत लाईट जायला नगं, माळ यूपीएसवरच लाव, म्हणले काळे साहेब. म्या म्हणलं, साहेब, तिथं सर्व्हर हाय. तर म्हणले, आज समद्या मशिनी बंदच असत्यात की! आरती, प्रसाद झाला अन् म्या परत प्लग लावला.”

“आणि जहागीरदार सर?”

“ते भट्टीपाशी. भट्टी कधी बंद ठेवत्यात का, ताई? त्यांना ठावंच नव्हतं. म्या बोलाया पायजे व्हतं. लेकराची अप्रेंटिसशिप साहेबांच्या हातात व्हती...”

मामांवर मला ओरडता आलं नाही.

रिपोर्टाच्या पहिल्या पानावर मी ओळ टाकली – जुनी सिस्टीम कोसळली नाही. चालू सर्व्हरचा प्लग काळे साहेबांच्या सांगण्यावरून काढला गेला, आणि त्या झटक्यानं डिस्क बिघडली. मामांनी खाली सही केली. काळे साहेबांनी पान वाचलं, फाडलं आणि म्हणाले, “पूजेला बदनाम करतेस?”

पूजेला कोण बदनाम करतंय, साहेब? पूजेच्या हाराआड लपलंय कोण?

महागडी सिस्टीम आली. तीच घ्यायची होती. तिच्यात खोट नाही, हेही मी प्रामाणिकपणे लिहिलंय. तिघींपैकी कुणातच नव्हती. मामांची बदली स्टोअरमध्ये झाली, माझी चौकशी चालू आहे. नव्या सर्व्हरवर रोज १०:५२ ला वीज जाते, ११:०४ ला येते, आणि प्रत्यक्षात काहीच होत नाही. पुण्याहून इंजिनिअर आले, दोन दिवस बसले, ‘कारण आढळले नाही’ लिहून गेले. माझ्याकडंही कारण नाही. सर परत आले, असं मी म्हणणार नाही. मला ठाऊक नाही.

पण न कळलेल्या गोष्टीवर माझा राग नाही. राग आहे तो कळलेल्या गोष्टीवर – जिचा पुरावा आहे, साक्षीदार आहे, फोटो आहे, आणि तरी तिचा कागद होत नाही.

गेल्या आठवड्यात गुलमंडीला जाऊन काकूंना सगळं सांगितलं. फाडलेल्या पानाची दुसरी प्रत दिली. मामांची सही आहे, कंपनीचा शिक्का नाही. काकूंनी ती दोनदा वाचली.

“काळे साहेबांना दिसते का गं ती नोंद?”

“रोज. त्यांच्याच स्क्रीनवर येते.”

“ती बंद करता येते?”

“स्क्रीनवर दिसणं बंद करता येतं. त्यांनी मला तेच काम दिलंय, काकू.”

काकूंनी कागदाची घडी घातली. “नको करूस,” म्हणाल्या.

मी केलेली नाही.