झोपाळ्यावरच्या बाई आणि आमची नुकसानभरपाई

आमच्या नव्या घराचा ताबा लांबला, कारण घर विकणाऱ्याची आई घर सोडायला तयार नव्हती. ती दोन वर्षांपूर्वी वारली होती, एवढीच काय ती अडचण!

घर भिंगारच्या पुढच्या एका वसाहतीत. विकणारे शेलार मांडव-डेकोरेशनचा धंदा करणारे, आडव्या बांध्याचे, बोलायला गोड. साठेखत झालं, दसऱ्याला ताबा ठरला. आम्ही भाड्याचं घर सोडलं. अर्धं सामान गोण्या बांधून हिवरे बाजारला मेहुण्याच्या गोठ्यात टाकलं आणि मी, बायको सुलभा आणि माझी आई असे तिघं भिंगारातच ओळखीच्यांच्या दोन खोल्यांत पाहुण्यासारखे येऊन पडलो. ‘चार दिवसांचा तर प्रश्न आहे,’ असं मी म्हणालो होतो. (हे वाक्य सुलभाने नंतर मला इतक्या वेळा ऐकवलं, की झोपेतही तोंडून निघायला लागलं.)

दसरा गेला, दिवाळी गेली. शेलारांना फोन केला की ते म्हणायचे, “साहेब, जरा थांबा. आई निघंना.”

मला वाटलं, म्हाताऱ्या बाई आहेत, घरात जीव अडकलाय. पण त्या घरासमोर राहणाऱ्या काकूंना सहज विचारलं तर त्या दाराआड सरकल्या. “त्यांची आई? अहो, त्यांचं वर्षश्राद्धसुद्धा झालं. आम्ही जेवायला होतो की!”

इथे सांगायला हवं, की मी विमा कंपनीत नोकरीला आहे. लोकांचे नुकसानभरपाईचे अर्ज तपासणं आणि शक्य तितके नाकारणं हे माझं काम. त्यामुळे मेलेल्या आईचं कारण सांगणारा माणूस मला काही नवा नव्हता. साठेखतात स्पष्ट लिहिलं होतं: उशीर ज्याच्यामुळे होईल, त्याने दुसऱ्याला भरपाई द्यायची. मी सुलभाला म्हणालो, “आता बघ. आयुष्यभर दुसऱ्यांचे दावे फेटाळले, आता स्वतःचा दावा असा लावतो की माणूस शिकेल!”

“शिकेल कोण, ते बघू,” सुलभा म्हणाली.

दाव्याला पुरावा लागतो. म्हणून एका भर दुपारी मी घराचे फोटो काढायला गेलो. वसाहत चिडीचूप. लांबून लष्कराच्या सरावाचे धडाके येत होते आणि प्रत्येक धडाक्याला खिडकीची तावदानं थरथरत होती. पुढच्या दाराला कुलूप. पण उंबऱ्यापुढे रांगोळी, ताजी. तुळशीची माती ओली. आणि बंद घरातून मोहरी तडतडल्याचा वास!

मी खिडकीशी गेलो. काच नक्षीची, आतलं नीट दिसत नव्हतं. हॉलमधला झोपाळा तेवढा कळत होता. तो हलत होता. पुढे, मागे. कडी कुरकुरत होती. आणि त्यावर हिरव्या लुगड्यातलं कुणीतरी पाठमोरं बसलं होतं.

मी धीटपणे हाक मारली, “कोण आहे?” (सुलभाच्या मते घशातून निघाला असेल तो आवाज धीट नसणार. ती तिथे नव्हती, पण ठाम आहे.)

झोपाळा थांबला. हळूहळू नाही. कुणीतरी पाय टेकवून थांबवावा तसा एकदम.

मी अजिबात पळालो नाही. फक्त स्कूटर तिथेच विसरून घरापर्यंत चालत आलो, इतकंच!

संध्याकाळी मी साठेखत करून देणाऱ्या वकीलबाईंना नोटिशीचा मजकूर सांगितला: घर रिकामं नाही, आत हिरवं लुगडं नेसलेली वृद्ध स्त्री राहते, सबब भरपाई द्यावी. वकीलबाईंनी चष्म्यावरून बघितलं. “नक्की लिहू?”

“लिहा! मी डोळ्यांनी पाहिलंय.”

नोटीस मिळताच शेलार धावत आमच्या दोन खोल्यांवर आले. मला वाटलं, भांडायला. ते गोणीवर बसले आणि डोळे पुसायला लागले.

“साहेब, तुमाला दिसली?”

“पाठमोरी.”

“हिरवं लुगडं? शेवटाला तेच नेसवलं हुतं. मी चारदा गेलो, साहेब. रांगोळी दिसती, फोडणीचा वास येतो. पन कुलूप काढायला हातच धजंना. ती अजून राहती म्हनल्यावर तिला बाहेर काढून घर कसं इकू? तुमीच सांगा!”

माझी आई कोपऱ्यात शेंगा फोडत होती. तिने शेंगा बाजूला सारल्या. उठून खोलीबाहेर गेली. मी म्हणालो, “बघा, माझ्या आईलासुद्धा भीती वाटली.”

शेवटी वकीलबाईंनी तोडगा काढला, की सगळ्यांनी मिळून घर उघडायचं आणि काय ते बघायचं. दुपारीच जायचं ठरलं. आईला नेण्यात अर्थ नव्हता. ती रोज दुपारी भजनाला जायची. शेलार, वकीलबाई, सुलभा आणि मी असे चौघं दारात उभे राहिलो. आत भांड्यांचा आवाज येत होता. शेलारांनी माझा हात धरला होता. (की मी त्यांचा, यावर एकमत नाही.) सुलभा म्हणाली, “द्या इकडे ती किल्ली!” आणि तिने कुलूप काढलं.

दार उघडलं. हॉल स्वच्छ झाडलेला. झोपाळा रिकामा, पण जरासा हलत होता. स्वयंपाकघरात कुणीतरी कढईत उलथनं आपटलं. शेलारांनी डोळे मिटले, “आई, चुकलो!” आणि आतून आवाज आला:

“आलात व्हय? आधी पाय धुवा. आत्ता फरशी पुसलीया.”

उलथनं हातात घेऊन माझी आई बाहेर आली!

“आई, तू? तू भजनाला जातेस ना?”

“भजनाला काय रोज मानूस बसतं व्हय? त्या दोन खोल्यांत पाय पसराया जागा न्हाई. आन घर तर आपलंच हाय, आदीच पैसं भरल्यात. मागल्या दाराची कडी सैल हाय, ते घर बघाया आल्तो तवाच मला दिसलं हुतं. येती, झाडती, रांगोळी काढती, तुळशीला पानी घालती, चार घास करून खाती. कुनाचं काय जातंय?”

“आणि त्या दिवशी शेलार रडत होते तेव्हा का नाही बोललीस?”

“नोटीस कोर्टाची म्हनला तू. म्हनलं, धरून नेत्यात का काय!”

शेलार मटकन खाली बसले. वकीलबाई मात्र साठेखत आठवून गोड हसल्या. “म्हणजे विक्रीला उशीर तुमच्या मातोश्रींमुळे झाला. कलमाप्रमाणे भरपाई तुम्हीच यांना द्यायची.”

सुलभा माझ्याकडे बघत होती. “शिकला का माणूस?” तिने विचारलं. मी विषय बदलायला म्हणालो, “पण आई, या वयात तू झोपाळ्यावर बसतेस?”

“मी? न्हाई बा. मला झोक्यावर गरगरतं.”

“मग ते हिरवं लुगडं?”

“माजं हिरवं लुगडं तिकडं गोठ्यात गोनीत हाय की. झोपाळ्यावर त्या बाई बसत्यात.”

बाहेर सरावाचा एक धडाका झाला. तावदानं थरथरली.

“कोण बाई?” मी विचारलं.

“ह्यांची आई. मला वाटलं, ह्यांनीच ऱ्हाऊ दिलंय. लई बोलत न्हाई. मी काम करती, ती बसून असती. तेवढीच सोबत.”

वकीलबाई हळूच पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या. शेलार मात्र पुढे सरकले आणि त्यांनी लहान मुलासारखं विचारलं, “मावशी, बरी हाय का ती?”

“झ्याक हाय. गुडगं दुखायचं थांबलं म्हनली.”

“शेवटची दोन वर्सं उठता येत नव्हतं तिला,” शेलार म्हणाले आणि मोठ्यानं रडले. “घर इकतोय त्याचा राग न्हाई ना?”

आईने वळून झोपाळ्याकडे बघितलं, जरा थांबली, आणि म्हणाली, “न्हाई म्हनती. झोपाळा तेवढा इथंच ऱ्हाऊ दे.”

पुढच्याच आठवड्यात खरेदीखत झालं. मी दावा मागे घेतला, शेलारांनी लावलाच नाही. आता आम्ही तिथेच राहतो. शेलार दर रविवारी येतात, झोपाळ्यासमोर खुर्ची टाकून बसतात, आणि पलीकडचं उत्तर माझी आई सांगते. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, त्यामुळे तेवढा वेळ मी स्वयंपाकघरात चहा करतो. झोपाळ्यापाशी एक कप जास्तीचा ठेवतो, निव्वळ सौजन्य म्हणून.

गेल्या रविवारी आईने निरोप दिला, “दत्ता, त्या बाई म्हनत्यात, तुज्या हातचा चा लई पुचाट असतो.”

“लग्न झाल्यापासून मी दुसरं काय सांगतेय?” सुलभा आतून ओरडली.

इतकी वर्षं लोकांच्या साक्षी तपासल्या, पण स्वतःच्या घरात माझ्या बाजूने बोलणारं माणूस एक नाही. जिवंत नाहीच, पण मेलेलंसुद्धा नाही!