राणीचा काळ आणि समोसे

जर्मनीत, कार्ल्सरूहे शहरात पीएचडी करत होते तेव्हा मी संध्याकाळच्या एका वर्गाला जायचे. विषय होता व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं इंग्लंड. शिकवायला एक निवृत्त शिक्षक, ऐकायला निवृत्त मंडळी आणि आपल्याकडचे एक काका. ते गाड्यांच्या कंपनीत इंजिनीअर, तिथे चांगले मुरलेले. शिक्षक काहीही बोलले की काका मान डोलावून 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणायचे.

वाफेची यंत्रं, गिरण्या, फुगलेली शहरं, कामगारांना हळूहळू मिळालेला मताचा हक्क, सगळं शिक्षक रंगवून सांगत. कापूस कुठून येई आणि कापड कुणाच्या गळ्यात मारलं जाई, ते मात्र नाही. मी विचारलं, तर ते खूश झाले.

"पुढच्या वेळी भारताबद्दल तुम्हीच बोला. आणि काहीतरी खायला आणा."

मी खायला काही नेलं नाही. काकांनी काकूंकडून समोसे करून आणले.

मी बोलले. माग बंद पडलेले विणकर, दुष्काळातही बंदराकडे निघालेलं धान्य, आणि तिकडे मतदार वाढत असताना इकडे ज्यांना कुणी काही विचारलंच नाही अशी माणसं. समोरच्या बाई समोसा फोडून आत काय आहे ते बघत होत्या.

"फार भावनेनं बोललात," शिक्षक म्हणाले. म्हणजे खोटं नाही, पण शोभलंही नाही.

मग काका उठले. "पण त्यांनी आम्हाला रेल्वे दिली, हेही सांगायला हवं."

टाळ्या पडल्या. आधी पडल्या नव्हत्या.

परतताना ट्राममध्ये काका शेजारी बसले.

"कशाला गं त्यांना वाईट वाटेल असं बोलायचं?"

"काका, हे जर्मन आहेत. इंग्रजांबद्दल बोललं तर यांना का वाईट वाटेल?"

"तसं नाही. पण आपण इथे पाहुणे."

"तुमच्या मुली इथे जन्मल्या. तुमच्याशी जर्मनमध्ये बोलतात. तुम्ही अजून पाहुणेच?"

काका पुढच्याच स्टॉपला उतरले. त्यांचं घर बरंच पुढे होतं.

मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. पुढच्या वर्गात मी पुन्हा हात वर केला आणि गिरणीतल्या बायकांना मताचा हक्क होता का, ते विचारलं. शिक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं. काका या वेळी माझ्या शेजारी नाही, पलीकडच्या रांगेत बसले होते.