मळकी हिमनदी

सुरतेत उधन्याच्या एका मराठी शाळेत मी वीसेक वर्षं भूगोल शिकवते आहे. हिमनदीचा धडा तर तोंडपाठ. उन्हाळ्यात वितळतो त्याहून जास्त बर्फ दर हिवाळ्यात पडत राहिला, की थरावर थर साचतात, वरच्या वजनाने खालचे दबून टणक होतात आणि तो सगळा बर्फ आपल्याच भाराने उतारावरून सरकू लागतो. फळ्यावर मी दोन डोंगर काढायची आणि मधून खडूचा रुंद पांढरा पट्टा ओढायची. मी स्वतः पाहिलेला बर्फ म्हणजे रसवंतीवरची लादी, तेवढाच.

दोन वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गात तो पट्टा ओढत असताना एक मुलगी उभी राहिली. अबोल होती, घरी अहिराणी, म्हणून वर्गात जपून बोलायची.

"बाई, हिमनदी अशी पांढरी नसते. मळकी असते. वर नुसते दगडगोटे. माझे पप्पा सांगतात."

तिचे वडील पांडेसऱ्यात एका डाइंग मिलच्या गेटवर वॉचमन होते, हे मला माहीत होतं. तास संपत आला होता, धडा उरकायचा होता. पण ही झाली सबब. खरं तर मला राग आला होता.

"मिलच्या गेटवरून हिमनदी दिसते का गं?" मी म्हटलं.

वर्ग खो खो हसला. मीही हसले. ती गुपचूप खाली बसली. पुढे चाचणीत तिने 'पांढरी' लिहिलं आणि मी तिला पूर्ण गुण दिले.

शाळेचं ते वर्ष संपल्यावर मे महिन्यात नणंदेबरोबर उत्तराखंडला गेले. दोन तास चढून धाप लागली, तेव्हा वाटाड्याला विचारलं, "हिमनदी अजून किती लांब आहे?"

"मॅडम, यही तो है," तो म्हणाला.

समोर दरीभर राखाडी ढिगारा पसरला होता. आपल्याकडे रस्ता खोदून ठेवतात ना, तसा. दगडांच्या फटींतून काळपट बर्फ चमकत होता. दोन्ही बाजूंचे कडे खरवडल्यासारखे दिसत होते. एवढी रुंद दरी याच बर्फाने कोरली होती. खालच्या टोकाला एका भगदाडातून गढूळ पाणी उसळत होतं. वाटाड्याने बरंच खाली एक खडक दाखवला. त्याच्या लहानपणी बर्फ तिथपर्यंत होता. त्याचं गाव याच पाण्यावर जगत होतं आणि एका वर्षी याच पाण्याने त्याचं शेत नेलं होतं.

नणंद फोटो काढत होती. मला वर्गात गुपचूप खाली बसलेली ती मुलगी आठवत होती.

जूनमध्ये शाळा सुरू झाली, तशी एका संध्याकाळी मी मिलवर गेले. मला पाहताच तिच्या वडिलांनी आपली खुर्ची पुसून पुढे केली. चालताना ते किंचित लंगडत होते. मी हिमनदी पाहून आले म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. ते फौजेत होते. एक अख्खा हिवाळा हिमनदीवरच्या चौकीत काढला, पायाची दोन बोटं तिथेच गेली.

"खालून आवाज यायचा, बाई. बर्फ चालतो ना! पहिल्यांदा वाटलं, भूकंपच झाला." मग जरा लाजून म्हणाले, "पोरीने सांगितलं मला. तुम्ही तिच्यासाठी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या म्हणे. मी इथे सगळ्यांना सांगितलं."

गप्प बसता आलं असतं. पण मी माफी मागायचं ठरवून आले होते.

"भाऊ, टाळ्या नव्हत्या. आम्ही हसलो होतो," मी म्हटलं आणि सगळं सांगून टाकलं. ते गेटचं वाक्यसुद्धा.

तेवढ्यात टेम्पो आला. त्यांनी उठून गेट उघडलं, लावलं आणि परत आले.

"असू द्या, बाई. तुम्ही तरी कुठे पाहिली होती?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. "चहा सांगू?"

मी नको म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आठवीच्या वर्गात जाऊन, मी चुकले होते, ती बरोबर होती, असं सगळ्यांसमोर सांगितलं. तिची माफी मागितली. ती बाकाकडे बघत राहिली. मधल्या सुट्टीत मात्र स्टाफरूमच्या दारात आली.

"बाई, पप्पांना कशाला सांगितलं?"

"खरं सांगायला नको होतं का?"

"वर्गात सांगायचं होतं. त्यांना नाही. काल ते नीट जेवलेसुद्धा नाहीत."

वर्षभर या मुलीने जे बापापासून लपवून ठेवलं होतं, ते मी माझं मन हलकं व्हावं म्हणून त्यांच्या पदरात टाकून आले होते.

त्यांनी वर्गात येऊन मुलांशी बोलावं म्हणून मी दोनदा निरोप धाडला. दोन्ही वेळा ड्युटी असल्याचं उत्तर आलं. खरं-खोटं विचारायचं धाडस मला झालं नाही.

ती आता दुसऱ्या शाळेत नववीला आहे. कधी पांडेसऱ्याला जायची वेळ आली, तर मी रिक्षा दुसऱ्या रस्त्याने घ्यायला सांगते.